व्यसनाचा आजार म्हणून परत पाठवले असेल तर

धाकट्या भावाच्या गालातील जखम दोन महिन्यांत भरली नाही आणि ‘गुटख्याने झालेला आजार आयुष्मान कार्डात बसत नाही’ असे सांगून रुग्णालयाने त्याला परत पाठवले, असे आपण लिहिले आहे. सहा वर्षांपूर्वी इथेच, इंदूरमध्ये, माझ्या थोरल्या भावाला हेच ऐकावे लागले होते.

दादा लोडिंग रिक्षा चालवीत असे. पहाटे तीनला मंडईचा माल भरायचा, म्हणून झोप आणि भूक दोन्ही मारायला पुडी. मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळे घेऊन तळहातावर मिसळायला कोण अडवतो? चूक दादाचीच होती, हे मी नाकारत नाही. पण खिडकीवरच्या माणसाने कार्ड संगणकात न तपासता, केवळ त्याचे लाल दात पाहून नकार दिला, आणि आम्हीही अपराध्यासारखे मान खाली घालून निघून आलो. नकार लेखी मागितला नाही, ही माझी सर्वांत महाग पडलेली चूक. त्यानंतरचे अकरा आठवडे मलम आणि काढे यांत गेले. तोवर दादाच्या तोंडात दोन बोटेही जाईनात. वहिनी वरणात कुस्करलेली पोळी चमच्याने भरवीत असे. पुढे त्याच कार्डावर शस्त्रक्रिया झाली, पण जबड्याचा एक भाग काढावा लागला.

मी डॉक्टर नाही आणि नियम बदलत असतात, तेव्हा खात्री करून घ्यावी. परंतु आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, कर्करोग त्यात आहे, आणि तो तंबाखूने झाला म्हणून वगळला जात नाही. व्यसनमुक्तीचे उपचार आणि बाह्यरुग्ण तपासणी मात्र त्यात नाही. दोन्हींची गल्लत करून लोकांना परत पाठवले जाते. बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणे, एमवाय या इथल्या सरकारी रुग्णालयात करून घ्या, कार्डाच्या वादासाठी ती थांबवू नका. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) आणि आधारवरील नाव आजच जुळवून पाहा. पुन्हा नकार आला तर रुग्णालयात या योजनेसाठी बसणाऱ्या मदतनीसाकडे, म्हणजे आयुष्मान मित्राकडे, तो लेखी मागा आणि तिथूनच १४५५५ या योजनेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आणि भावाला एकटे पाठवू नका. दुखऱ्या तोंडाने त्याला नीट बोलता येणार नाही, आणि कोणी पुडीचा विषय काढला की तो काही न मागता परत येईल.