रीडचा मेहुणा

प्रिय लेखिकाबाई,

‘फँटॅस्टिक फोर’ या अमेरिकी सुपरहिरो कॉमिकवरची तुझी पटकथा दोनदा वाचली. एकदा सरळ, एकदा पेन्सिल घेऊन. अडतिसाव्या पानापर्यंत कुणालाच शक्ती मिळत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? यान बांधणं, परवानग्या, उड्डाण, किरण, इस्पितळ. पाहुणे दारात उभे आणि घरात अजून झाडलोट चाललीय.

मी तुला दिलेल्या गठ्ठ्यातला पहिला अंक पुन्हा काढ. ‘फँटॅस्टिक फोर’, नोव्हेंबर १९६१. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यानापासून सुरुवातच करत नाहीत. शहरावर धुराची अक्षरं उमटतात. मैत्रिणीबरोबर चहा घेत बसलेली सू बसल्या जागी दिसेनाशी होते. बेन कपड्यांच्या दुकानात आहे आणि त्याच्या मापाचं काही मिळत नाहीये. सूचा भाऊ जॉनी गॅरेजमध्ये गाडीत डोकं घालून बसलाय. हे सगळे कसे असे झाले, ते नंतर कळतं, मोजक्या पानांत, मागे वळून.

त्या मोजक्या पानांतही पहिलं काय आहे? भांडण. बेन म्हणतो, किरणांपासून यानाला पुरेसं संरक्षण नाही, मी हे उडवणार नाही. सू म्हणते, कम्युनिस्ट आपल्या आधी पोचतील, तू भित्रा असशील असं वाटलं नव्हतं. (सोव्हिएत गागारिन त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंतराळात जाऊन आला होता, हे लक्षात ठेवून वाच.) मग बेन चिडून वैमानिकाच्या खुर्चीत बसतो. आणि दगडाचा कोण होतो? जो नको म्हणत होता, तोच. पुढची कित्येक वर्षं यान बनवणारा शास्त्रज्ञ रीड प्रयोगशाळेत बेनसाठी उपाय शोधत राहतो, ते या एका चौकटीचं व्याज आहे. तुझ्या मसुद्यात बेन हसत हसत यानात चढतो. का गं? तुला तो चांगला माणूस दाखवायचा होता, हे समजलं. पण त्याचा नकार काढलास की रीडच्या डोक्यावरचं कर्जच फिटलं, आणि मग या माणसांना एका घरात राहायला कारण उरत नाही.

आता नाती. इंग्रजी संवाद वाचून वाचून तू सगळ्यांना ‘टीम’ म्हणायला लागली आहेस. जरा मराठीत विचार कर. जॉनी रीडचा मेहुणा आहे! सुरुवातीला तर होणारा मेहुणा, कारण रीड आणि सूचं लग्न लागतं १९६५ च्या वार्षिक अंकात. म्हणजे हा पोरगा बहिणीच्या जोरावर त्या घरात आहे, आणि बहिणीच्या नवऱ्याला कधी किती चिडवायचं हे त्याला नेमकं ठाऊक आहे. बेन तर कुणाचाच कोणी नाही, कॉलेजातला मित्र. १९६८ मध्ये फ्रँकलिन जन्मतो आणि पुढे बेन त्याचा काका होतो. असा एक काका आपल्याकडे घरोघरी असतो, आडनाव वेगळं आणि पानावर जागा ठरलेली. तुझ्या संवादांत हे कुठेच ऐकू येत नाही. चौघं एकमेकांशी कार्यालयातल्यासारखं बोलतात.

पंचमहाभूतांचं प्रतीक मात्र काढून टाक. रबरासारखा ताणणारा रीड पाणी, अदृश्य होणारी सू वारा, पेटणारा जॉनी आग, दगडाचा बेन माती, हे जमतं, कबूल. पण ते कळून नटाला काय करता येणार आहे?

पडद्यावरचे आधीचे प्रयत्न पाहिलेस ते बरं केलंस. १९९४ चा म्हणतात तो रॉजर कॉर्मनच्या निर्मितीतला, सुमारे दहा लाख डॉलरमधला. हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून १९९२ संपता संपता घाईने चित्रीकरण सुरू केलेला, आणि कधीच रीतसर प्रदर्शित न झालेला. लोकांनी चोरट्या कॅसेटवर पाहिला. त्याला हसू नकोस, त्यातल्या नटांनी मनापासून काम केलंय. २०१५ च्या चित्रपटाने तुझीच चूक केली, शक्ती मिळेपर्यंत इतका वेळ घेतला की कुटुंब जमायला पडदाच उरला नाही.

२००५ चा मला सगळा आवडत नाही, पण त्यातला पुलावरचा प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. बेनची होणारी बायको त्याला त्या रूपात पाहते, अंगठी काढून जमिनीवर ठेवते आणि निघून जाते. तो वाकतो. त्या जाड बोटांनी अंगठी उचलता येत नाही. शेवटी रीड ती उचलून त्याच्या हातात ठेवतो. अपराध, मैत्री, दगडाचं अंग, सगळं एका अंगठीत आलं. आणि बेन झालेल्या मायकेल चिकलिसने खरोखरचा जाड पोशाख अंगावर चढवला होता, त्यामुळे ती बोटं खोटी वाटत नाहीत. बेन रडतो असं तू तीन ठिकाणी लिहिलंयस. त्याऐवजी त्याला शर्टाचं एक बटण लावायला दे.

२०२५ च्या चित्रपटाने शहाणपणा केला. चौघं चार वर्षं जगाला माहीत आहेत, उगमकथा टीव्हीच्या कार्यक्रमात झटपट उरकली, आणि गोष्ट सुरू होते सूला दिवस गेल्यापासून. ग्रह गिळणारा गॅलॅक्टस पृथ्वीच्या बदल्यात त्यांचं मूल मागतो. प्रश्न विश्वाचा, पण सोडवायचा घरात बसून. शिवाय गॅलॅक्टस कर्बीने काढला तसाच चिलखतातला धिप्पाड पुरुष आहे. २००७ मध्ये त्याचा ढग करून टाकला होता, कॉमिकची लाज वाटली की असं होतं.

हे घरगुतीपण मी वरून चिकटवत नाहीये. १९६६ चे ४८ ते ५० हे अंक बघ. जग बुडायला आलंय, आणि गॅलॅक्टसच्या दूताचं, सिल्व्हर सर्फरचं, मन कुठे वळतं? अ‍ॅलिशिया नावाच्या अंध शिल्पकार मुलीच्या घरी. ती त्याच्यापुढे खायला ठेवते, त्याला ते खायचं असतं हेसुद्धा माहीत नसतं.

आणि नववा अंक, डिसेंबर १९६२, तो तर तुझ्यासाठीच लिहिलाय. रीडचे शेअर बाजारात पैसे बुडतात, देणेकरी दारात येतात, आणि चौघं पैशांसाठी हॉलिवूडला जातात, स्वतःवरच्या चित्रपटात काम करायला! निर्माता निघतो शत्रू, पाण्याखालचा राजपुत्र नेमॉर. मुखवटे नाहीत, पत्ता सगळ्या शहराला ठाऊक, डोक्यावर देणं. तुझ्या नायकांच्या घरात पैशांचा विषय एकदाही निघत नाही.

सूबद्दल एकच. सुरुवातीच्या अंकांत तिच्या वाट्याला फार थोडं आहे. अदृश्य ढाल तिला २२ व्या अंकात मिळाली, आणि ‘इन्व्हिजिबल गर्ल’ या नावातल्या ‘गर्ल’ची ‘वूमन’ व्हायला १९८५ उजाडलं. तिथे मूळ कॉमिकशी इमान राखू नकोस.

तर यान सध्या बाजूला ठेव. चौघं जेवायला बसलेत, बेनची खुर्ची मोडलेली आहे, नवी आणायचे पैसे नाहीत, आणि मोडली कुणामुळे यावर मेहुणा काहीतरी बोलतो. एवढी आठ पानं लिही. कुणी शक्ती वापरायची नाही. शनिवारी संध्याकाळी घेऊन ये, मी घरीच आहे.

येताना माझा गठ्ठाही आण. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ सुटलेलंच आहे, त्याला चिकटपट्टी लावू नकोस.

तुझा,
सर