कायद्याच्या उत्तरपत्रिकेत गुण कशाचे मिळतात

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. करार कायद्याचा अभ्यास मन लावून केला, कलमे तोंडपाठ होती, पुरवण्याही जोडल्या, आणि तरीही जेमतेम उत्तीर्ण होण्याइतकेच गुण पडले, याचे तुला वाईट वाटणे साहजिक आहे. परीक्षक उत्तरे नीट वाचतच नाहीत, असा निष्कर्ष तू त्यावरून काढला आहेस. परीक्षकापुढे गठ्ठे मोठे आणि वेळ थोडा असतो, ही गोष्ट खरी आहे. परंतु इतकी वर्षे पेपर तपासल्यावर माझे मत असे झाले आहे की, आपल्या विद्यार्थ्यांचे बहुतेक गुण कायदा माहीत नसल्यामुळे जात नाहीत. माहीत असलेला कायदा प्रश्नातल्या वस्तुस्थितीला लावून न दाखवल्यामुळे जातात.

नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न घेऊ. सतरा वर्षांच्या मुलाने आपले वय जास्त सांगून सावकाराकडून कर्ज घेतले, त्यातून मोटारसायकल विकत घेतली आणि आता तो पैसे परत करण्यास नकार देतो. सावकाराने दावा लावला आहे, तर निर्णय काय व्हावा? अनेक उत्तरपत्रिकांत पहिली दोन पाने कराराची व्याख्या आणि वैध कराराचे घटक यांतच संपतात. त्यानंतर करार करण्यास कोण सक्षम आहे हे सांगणारे १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम ११ येते, मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा) १९०३ चा निवाडा सविस्तर येतो आणि शेवटी एकच ओळ असते, 'म्हणून करार शून्य आहे', म्हणजे कायद्याने मुळातच बंधनकारक नाही. यातले काहीही चुकीचे नाही. मात्र प्रश्नातला मुलगा, त्याने सांगितलेले खोटे वय आणि त्याच्या दारात उभी असलेली मोटारसायकल यांचा संपूर्ण उत्तरात कोठेही पत्ता नसतो.

चांगले उत्तर व्याख्येने नव्हे, तर वादाच्या मुद्द्यांनी सुरू होते. अल्पवयीनाचा करार शून्य आहे हे दोन-तीन वाक्यांत सांगून ते पुढच्या प्रश्नाकडे वळते: मुलाने वयाबद्दल खोटे सांगितले असल्यामुळे त्याला अल्पवयाचा बचाव घेता येऊ नये, असे सावकार म्हणू शकेल काय? एस्टॉपेलचे, म्हणजे आपल्याच आधीच्या सांगण्याविरुद्ध भूमिका घेऊ न देण्याचे, तत्त्व अल्पवयीनाविरुद्ध लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९३१ मध्येच ठरवले आहे. मग सावकाराच्या हाती काहीच उरत नाही का? येथे विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम ३३ पुढे येते, ज्याअन्वये अल्पवयीन प्रतिवादीला जेवढा लाभ झाला आहे तेवढ्यापुरती परतफेड करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. मोटारसायकल अजून त्याच्याकडे आहे, म्हणून हा युक्तिवाद येथे टिकण्यासारखा आहे. तेच पैसे मौजमजेत उडाले असते तर तो बराच दुबळा झाला असता. याहीपुढे जाऊन, मोहरीबीबी प्रकरणात कर्जदार अल्पवयीन असल्याची सूचना सावकाराच्या बाजूला मिळालेली होती आणि आपल्या प्रश्नातला सावकार मात्र फसवला गेला आहे, हा फरक जी विद्यार्थिनी नोंदवते, तिच्या उत्तराशी परीक्षक थांबतो. गठ्ठा कितीही मोठा असला तरी थांबतो, हे मी खात्रीने सांगतो. अशा प्रश्नात तुझा अंतिम निष्कर्ष परीक्षकाच्या मताहून वेगळा असला, तरी त्यापर्यंत तू टप्प्याटप्प्याने पोहोचली असशील तर गुण मिळतात. बरोबर निष्कर्ष कारणांवाचून लिहिला तर मात्र फार थोडे मिळतात.

फौजदारी कायद्याच्या पेपरात सध्या आणखी एक काळजी घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून खुनाच्या शिक्षेचे जुने कलम ३०२ आता १०३ झाले आहे. प्रश्नात घटनेची तारीख दिलेली असेल तर ती आधी पाहा, कारण त्या दिवसापूर्वीच्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागू राहते.

आता प्रात्यक्षिक पेपरांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तू त्यांचा उल्लेख 'ते मिळतातच' अशा शब्दांत केला आहेस आणि मला ते मुळीच पटलेले नाही. विधी शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतच या पेपरांच्या गुणांची मांडणी दिलेली आहे. मसुदालेखनाच्या पेपरात न्यायालयीन मसुद्यांचे १५ आणि दस्तऐवजांचे १५ सराव असून प्रत्येक भागाला ४५ गुण आहेत, उरलेले १० तोंडी परीक्षेला. मूट कोर्टच्या, म्हणजे सरावासाठी भरवलेल्या अभिरूप न्यायालयाच्या, पेपरात ३० गुणांचे तीन भाग आणि १० गुणांची तोंडी परीक्षा असते. त्यांतला एक भाग मूटचा असून प्रत्येक मूटच्या १० गुणांपैकी ५ लेखी निवेदनाला आणि ५ तोंडी युक्तिवादाला असतात. हे गुण वरच्या वर्गातल्या कोणाचे तरी जर्नल उतरवून मिळवण्याची प्रथा पडली आहे आणि मला तिचे फार दुःख होते. ती लपतही नाही. न्यायालयाला दिलेल्या एकाच भेटीच्या नोंदीत साक्ष, उलटतपास, युक्तिवाद आणि निकाल हे सगळे एका सकाळी उरकलेले आढळले, की लिहिणारा न्यायालयात गेलाच नव्हता हे कळते. जो खरोखर गेलेला असतो त्याच्या वहीत साक्षीदार गैरहजर होता, पुढची तारीख पडली, वकिलांनी मुदतीचा अर्ज दिला, असे काहीतरी असते. तेवढ्या अर्ध्या पानावर तोंडी परीक्षेत बोलता येते. वादपत्राचा, म्हणजे दावा दाखल करण्याच्या अर्जाचा, मसुदा करतानाही दाव्याचे कारण केव्हा घडले, न्यायालयाला अधिकारक्षेत्र कसे आहे आणि दाव्याचे मूल्यांकन किती, हे परिच्छेद स्वतः लिहून पाहा; परीक्षक प्रथम तेच शोधतो.

लेखी परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापन यांची विभागणी विद्यापीठागणिक वेगळी असल्याने तुझ्या विद्यापीठाचे परिपत्रक एकदा बारकाईने वाचून घे.

पुनर्मूल्यांकनाबद्दल तू विचारले आहेस. मूल्यमापनाची व्यवस्था चुकतच नाही असे कोणी म्हणू नये. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्यास सुरुवात केली तेव्हा निकाल कित्येक आठवडे रखडले आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना त्याची मोठी झळ बसली. कायद्याची स्थिती मात्र तुला ठाऊक असावी. महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुनर्मूल्यांकन नाकारणारा नियम वैध ठरवला होता आणि डिसेंबर २०१७ मध्ये निकाली निघालेल्या रणविजय सिंह प्रकरणातही, नियमांत तशी तरतूद नसेल तर अगदी उघड चूक दिसणाऱ्या अपवादात्मक प्रसंगीच न्यायालय ते देऊ शकते, अशी भूमिका राहिली. दुसरीकडे, २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणाने स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहण्याचा हक्क परीक्षार्थींना मान्य केला. तेव्हा पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरण्याआधी छायाप्रतीसाठी अर्ज कर, आणि त्याची मुदत निकालानंतर लवकर संपते हे ध्यानात ठेव. प्रत हाती आल्यावर, प्रश्नातल्या व्यक्तींचा आणि घटनांचा उल्लेख तुझ्या उत्तरात जेथे जेथे आला असेल तेथे पेन्सिलने रेघ ओढ. एखादे उत्तर तपासायचे राहून गेले असेल किंवा बेरीज चुकली असेल, तर अवश्य दाद माग. तसे नसेल आणि रेघाही फारशा पडल्या नसतील, तर ती प्रत घेऊन माझ्याकडे ये. त्यातले एक उत्तर आपण दोघे मिळून पुन्हा लिहू.

तुझा,
एक शिक्षक