एसी-आरओ दुरुस्तीच्या धंद्याला व्हिजिटिंग कार्ड लागतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: सिडकोत एसी आणि आरओ दुरुस्तीचं काम सुरू केलंय, गिऱ्हाइकं व्हॉट्सअॅपवरच येतात, मग कार्डात पैसे घालावेत का, आणि घातले तर त्यावर काय काय टाकावं. मी नाशिकमध्येच डीटीपी (म्हणजे संगणकावर मजकुराची मांडणी) आणि छपाईचं काम करतो, त्यामुळे ‘छापा’ म्हणण्यात माझा स्वार्थ आहे हे धरूनच पुढचं वाचा.

छापा, पण थोडी छापा. आणि डिझाइनला बसण्याआधी ते कार्ड गिऱ्हाइकाच्या घरात नेमकं कुठे राहणार ते ठरवा. तुमची गरज पडते ती भेटीनंतर सहा-आठ महिन्यांनी, एप्रिलच्या दुपारी एसी गार हवा देईना की. तेव्हा माणूस फोनमध्ये ‘एसीवाला’ शोधतो, त्या नावाचे तीन नंबर निघतात आणि त्यातला तुमचा कोणता ते कळत नाही. कार्ड उपयोगी पडायचं ते तिथे.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आधी स्टिकर केले असते. आरओच्या कव्हरवर बाजूला विनाइलचा स्टिकर लावा: नाव, नंबर आणि खाली ‘फिल्टर बदलला’ व ‘पुढची तारीख’ अशा दोन रिकाम्या ओळी. कागदी स्टिकर घेऊ नका, सिंकजवळच्या ओलाव्याने सुटतो. एसीसाठी अगदी छोटा स्टिकर रिमोटच्या पाठीवर, सेलचं झाकण सोडून. एसी बिघडतो तेव्हा रिमोट हातातच असतो, दुसरीकडे कुठे शोधायला जावं लागत नाही.

आता कार्ड. आकार नेहमीचा साडेतीन बाय दोन इंच ठेवा. पाकिटात न बसणारं कार्ड रस्त्यातच राहतं. पुढच्या बाजूला धंद्याचं नाव, काय करता ते एका ओळीत, एकच मोबाइल नंबर, आणि कुठे कुठे येता: ‘सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा’. ही भागांची ओळ बरेच जण टाकतच नाहीत, पण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न तोच असतो. नंबर हा कार्डावरचा सगळ्यात मोठा मजकूर हवा, पाच-पाच आकड्यांत तोडलेला. लोक कार्डाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, म्हणून कामाचं सगळं एकाच बाजूला येऊ द्या. चकचकीत लॅमिनेशन टाळा, ट्यूबलाइटखाली फोटोत नेमका नंबरावर उजेड पडतो. वर ‘॥ श्री ॥’ हवं तर खुशाल घ्या, त्याला जागा लागतेच किती! एसीचं चित्र, बर्फाचे कण आणि पाण्याचे थेंब मात्र निम्मं कार्ड खातात.

जीएसटी नोंदणी असेल तर तो नंबर पाटीवर आणि बिलावर लागतो. घरगुती गिऱ्हाइकाच्या कार्डावर त्याचं काही काम नाही. अंबड एमआयडीसीतली कामं धरायची असतील तर वेगळं कार्ड करा. तिथल्या परचेसवाल्याला फर्मचं नाव, ईमेल आणि जीएसटी नंबरच बघायचा असतो.

मराठी की इंग्रजी? मजकूर मराठीत, धंद्याचं नाव दोन्ही लिप्यांत, कारण फोनमध्ये सेव्ह करताना बहुतेक जण इंग्रजीतच टाइप करतात. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे इंग्रजी ७ पॉइंट आकाराच्या अक्षरात वाचता येतं तिथे मराठी ९ च्या खाली नेऊ नका. त्याहून बारीक अक्षरं नोटांवर शोभतात, त्या छापायला नाशिकरोडची प्रेस आहे. तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलेला युनिकोड मजकूर डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये नेतो तेव्हा रफार आणि जोडाक्षरं फुटतात. तुमच्या कार्डावर ‘सर्व्हिस’ आणि ‘शुद्ध’ हे दोन शब्द असणारच, तेवढे तरी प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यात, डोळ्यांत तेल घालून बघा. आणि ‘दुरुस्ती’तला ‘रु’ ऱ्हस्वच.

क्यूआर कोड टाकायचा तर व्हॉट्सअॅप बिझनेस अॅपमधूनच लिंक घ्या. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही साइट आधी स्वतःच्या पत्त्यावर नेतात आणि मग तुमच्याकडे वळवतात; मुदत संपली की कोड बंद, आणि हजार कार्डं रद्दीत. कोड दोन सेंटिमीटरच्या आत नको, भोवती पांढरी चौकट सोडा, काळ्यावर पांढरा असा उलटा तर अजिबात नको.

कागद ३०० ते ३५० जीएसएमचा (हे कागदाच्या जाडी-वजनाचं माप) आर्ट कार्ड, म्हणजे जाड गुळगुळीत कागद, पुढे मॅट लॅमिनेशन, मागे काहीही नको. लॅमिनेशनवर बॉलपेन घसरतं, आणि तुमच्या कार्डाची पाठ लिहिण्यासाठीच आहे: एसीचं मॉडेल, गॅस कधी भरला, पुढची सर्व्हिस कधी. हाताने लिहिलेलं कार्ड लोक टाकत नाहीत. काम संपल्यावर बिलासोबत दोन कार्डं द्या, एक घरासाठी, एक शेजारी विचारतील त्यांच्यासाठी. वॉचमनच्या केबिनमध्ये आणि ओळखीच्या प्लंबर-इलेक्ट्रिशियनकडे थोडी ठेवून या. त्यांची कार्डं तुम्हीही खिशात बाळगा, नाहीतर हा व्यवहार फार दिवस चालत नाही.

ऑफसेटला, म्हणजे प्लेट बनवून मोठ्या मशीनवर होणाऱ्या छपाईला, साधारण हजाराची ऑर्डर घेतात, कारण एका मोठ्या शीटवर अनेकांची कार्डं एकत्र लागतात. दर कार्डाला स्वस्त पडतं, पण रंग दर खेपेला तंतोतंत येईलच असं नाही. पहिल्यांदा डिजिटलवर, म्हणजे फाइलवरून थेट छापणाऱ्या मशीनवर, शे-दोनशे काढा. दर जास्त बसेल, पण सहा महिन्यांत तुमच्या कामात काहीतरी बदलेलच. फाइलमध्ये चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेला रंग) आणि मजकूर कडेपासून ५ मिलिमीटर आत, एवढं डीटीपीवाल्याला सांगा. प्रूफ स्क्रीनवर पाहू नका, खऱ्या आकारात कागदावर काढून घ्या, त्यावरचा नंबर बघून दुसऱ्या फोनवरून स्वतःला रिंग द्या आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनने कोड स्कॅन करा. मगच होकार कळवा.