‘यंत्रच आकडा देतं, मग हिचं डोकं कशाला?’

नमस्कार. तुमचं पत्र वाचलं, वरचा प्रश्नही त्यातलाच. मुलगी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, गुण साठ टक्क्यांच्या आसपास, आणि प्रकल्प अल्ट्रासॉनिक (माणसाला ऐकू न येणाऱ्या) कंपनांनी धातूंची स्थितिस्थापकता मोजण्याचा. तो सोडून तिने संगणकाकडे वळावं, हे मी तिला पटवावं अशी तुमची अपेक्षा आहे.

नाही पटवणार. गुणांची मला फार चिंता वाटत नाही. पत्रभर ‘आम्ही ठरवलंय’ आहे. तिने हा विषय का घेतला, याची एक ओळही नाही. वर ‘तिला अजून कळत नाही’. प्रत्येक निर्णय तुम्हीच घेत राहिलात, तर कळायला लागणार कधी?

यंत्र आकडा देतं हे खरं, पण तो वेळेचा. दहा मिलिमीटर जाड पोलादातून ध्वनीचा स्पंद जाऊन परत यायला सुमारे 3.4 मायक्रोसेकंद लागतात. त्यावरून अनुतरंगांचा (ज्यांत कण लाटेच्या दिशेनेच पुढे-मागे हलतात) वेग निघतो, सेकंदाला साधारण 5900 मीटर. आता घनता गुणिले वेगाचा वर्ग, हे बारीक दांड्याचं सूत्र कुणी जाड ठोकळ्याला लावलं, तर यंग गुणांक, म्हणजे धातू ताणाला किती विरोध करतो याचं माप, 273 गिगापास्कल येतो. खरा असतो 200 ते 210च्या घरात. यंत्र हूं की चूं करत नाही! बरोबर उत्तराला अवतरंगांचा (ज्यांत कण लाटेला आडवे हलतात) वेगही लागतो, सेकंदाला सुमारे 3200 मीटर. त्याचा प्रोब (धातूवर टेकवून लाटा सोडणारा भाग) वेगळा, आणि प्रोबखाली पाणी चालत नाही, कारण पातळ द्रवातून अवतरंग पुढे जातच नाहीत; मधासारखं दाट काहीतरी लावावं लागतं. (मध खरोखरच वापरतात.) वेगात एक टक्का चूक झाली की गुणांकात दोन टक्के. रोलिंग केलेल्या पट्टीत तर दिशेनुसार वेग बदलतो. डोकं लागतं ते इथे.

पुढे एम.एस्सी. किंवा मटेरियल सायन्सच्या प्रवेश परीक्षा आहेतच. एनडीटीच्या (वस्तू न मोडता तिची तपासणी करण्याच्या) प्रमाणपत्रांच्या जाहिरातींना मात्र भुलू नका: ते काम मुख्यतः दोष शोधण्याचं, आणि त्यात प्रत्यक्ष अनुभवाशिवाय कुणी उभं करत नाही. संगणक हवाच असेल, तर प्रतिध्वनींमधला वेळ अचूक काढणारा प्रोग्रॅम तिलाच लिहू द्या.

पुढचं पत्र मला तिच्याकडून हवं आहे. दोन्ही वेग मिळाले का, आणि पदवीनंतर प्रयोगशाळेत रमायचंय की कारखान्यात, एवढं लिहिलं तरी पुरे. पाठवण्याआधी तुम्ही ते वाचू नका.