थोरलीची कोरी वही

प्रश्न : आम्ही साताऱ्याहून मेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका वाडीत राहतो. माझी तीन आणि जाऊबाईंची दोन अशी घरात पाच मुले आहेत. वये चार, सात, नऊ, अकरा आणि तेरा. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी विचार करून मुलांना शाळेतून काढले आणि घरीच शिकवायला घेतले. जाऊबाई साताऱ्याला नोकरीला जातात, त्यामुळे दिवसभर मुले माझ्याकडेच असतात. मी पाच जणांची पाच वेळापत्रके भिंतीवर लावली होती. पण एकाचे गणित सुरू केले की दुसरा उठतो, अकरा वाजता कुणाला तरी भूक लागते आणि तिकडे भाजी करपते. थोरली समजूतदार आहे म्हणून निभावते. धाकट्याला तीच आंघोळ घालते, सात वर्षांच्या मुलीची वेणी घालून तिचे पाढेही घेते आणि मी शेतावर गेले की दुपारची पाने वाढते. परवा तिची गणिताची वही पाहिली, तर महिनाभर कोरीच होती. मामंजी म्हणतात, ‘‘लोक पोरांना शाळेत घालायला तरसले आणि तुम्ही काढून आणता?’’ शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी गुरुजीही येऊन गेले. कारवाई होईल का? थोरलीच्या दहावीचे काय करावे? — एक आई, जि. सातारा

उत्तर : मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवण्यात हयात घालवली असल्यामुळे घरशाळेची पुरस्कर्ती नाही, हे आधीच सांगून टाकते. परंतु माझ्या नोकरीतील काही वर्षे जावळीतल्या एका द्विशिक्षकी शाळेत गेली, आणि तिथे दोन खोल्यांत चार इयत्ता सांभाळताना जे शिकले ते आपल्या ओसरीवरही उपयोगी पडेल असे वाटते.

पाच वेळापत्रके आजच उतरवून ठेवावीत. जोडवर्ग शिकवणारा कोणताही शिक्षक एकाच वेळी सगळ्या इयत्तांना शिकवत नाही. एका गटाला तोंडी शिकवत असताना दुसरा गट लेखी कामात असतो, आणि दिवसातला बराचसा भाग सगळे मिळून एकच विषय करतात. आपणही भाषा आणि गणित एवढेच ज्याचे त्याला वेगळे ठेवावे. नऊ आणि अकरा वर्षांची मुले लिहीत असतील तेव्हा सात वर्षांची मुलगी आपल्याजवळ वाचेल. वीस मिनिटांनी जागा बदलावी. सकाळचे दीड-दोन तास एवढ्यात संपतात आणि ते पुरेसे असतात, कारण तीस-चाळीस मुलांच्या वर्गात हजेरी, वह्या वाटणे आणि गप्प बसवणे यांत जो वेळ जातो तो आपल्याकडे जातच नाही. अकरा वाजताच्या भुकेला वेळापत्रकात जागा द्यावी. भाजी करपली ती मुलांमुळे नव्हे, तर त्या भुकेला आपण व्यत्यय मानले म्हणून.

परिसर, इतिहास, विज्ञान हे सगळ्यांचे एकत्र चालू द्यावे. एक उदाहरण सांगते. अंगणात मीटरभर लांबीची काठी सरळ रोवा आणि सकाळी दहापासून तीनपर्यंत दर अर्ध्या तासाने तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. चार वर्षांचा मुलगा खडे ठेवील, सात वर्षांची टेपाने मोजून आकडे लिहील, नऊ वर्षांचे मूल त्यांचा तक्ता करील आणि अकराचे आलेख काढील. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास काठीची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढगांतून सूर्य दिसेलच याची खात्री नसते. सावली बाराला न जाता साडेबाराला का जाते, हा प्रश्न मात्र थोरलीचा. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची, सातारा चौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास, आणि दर अंशाला चार मिनिटे. उरलेला हिशोब तिला करू द्यावा. तो तिने धाकट्यांना समजावून सांगावा अशी अपेक्षा ठेवू नये.

ही शेवटची सूचना मी मुद्दाम केली. आपले पत्र पुन्हा वाचून पाहावे. थोरली त्यात जिथे जिथे येते तिथे ती दुसऱ्या कुणाचे तरी काम करते आहे. स्वतःचे म्हणून तिच्याकडे एकच गोष्ट दिसते, आणि ती वही कोरी आहे. अकरा वर्षांच्या मुलाने पाने वाढली असा उल्लेख कुठेही नाही. माझ्या हजेरीपटावरून चौथीनंतर ज्या मुली गळाल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या घरी ‘धाकट्याला सांभाळायला कुणी नाही’ हेच कारण मी ऐकले आहे. त्या मुलीही समजूतदारच होत्या. शाळेत असती तर आपल्या मुलीला निदान दहा ते पाच या वेळात कुणी धाकट्याची आंघोळ सांगितली नसती. घरशाळेने तिचे ते कुंपण काढले आहे, तेव्हा त्याच्या जागी दुसरे कुंपण घालणे हे आपले काम आहे. सकाळचे सलग दोन तास ती माडीवर किंवा शेजारच्या खोलीत, दार लोटून, फक्त स्वतःचा अभ्यास करील आणि त्या वेळात तिला कुणीही हाक मारणार नाही, असे घरात सर्वांसमोर ठरवावे. पाने अकरा वर्षांच्या मुलानेही वाढावीत. धाकट्याच्या आंघोळीची वेळ जाऊबाई कामावर निघण्यापूर्वीची ठेवावी. आपण दोघींनी मिळून घेतलेला निर्णय एकटीच्या अंगावर पडला आहे, हे त्यांच्याशी स्पष्ट बोलल्याशिवाय यातले काही टिकणार नाही.

मामंजींचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले आणि तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. ज्या जिल्ह्यात शाळेचा उंबरा ओलांडणे हीच एका पिढीची कमाई होती, तिथे मुले शाळेतून काढणे म्हणजे मिळवलेले परत करण्यासारखे वाटणारच. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्याकडे एक विषय सोपवावा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते आणि मामंजी बोलत असतील एकर-गुंठ्यांत. तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. दोरी घेऊन त्यांनी नातवंडांकडून रानात एक गुंठा आखून घ्यावा आणि मग सातबारा वाचायला बसवावे. दशांश अपूर्णांकांचा याहून चांगला धडा मला शाळेत कधी देता आला नाही.

आता कायद्याविषयी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १० नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. त्या कलमाखाली पालकांना शिक्षेची तरतूद नाही. पण घरशाळेला या कायद्यात नावानिशी मान्यताही नाही, त्यामुळे ‘कायदा आमच्या बाजूने आहे’ असे कुणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. पुन्हा गुरुजी आले तर त्यांना ओसरीवर बसवून चहा द्यावा आणि मुलांच्या वह्या दाखवाव्यात. ते आपले वैरी नव्हेत. त्यांनाही वर अहवाल पाठवायचा असतो. याच कायद्याचे कलम ४ मात्र लक्षात ठेवावे. शाळेबाहेर असलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेला भाग भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क त्याने दिला आहे. पाचांपैकी एखाद्याला परत शाळेत जावेसे वाटले, तर ती वाट मोकळी आहे आणि तो आपला पराभव समजू नये.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा, मार्ग आपल्याला सोयीचा पडेल. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर माध्यमिकला नोंदणी करता येते, मराठी माध्यम उपलब्ध आहे, पाच विषय घ्यावे लागतात आणि ते पाच वर्षांत नऊ संधींमध्ये थोडे थोडे करून सोडवता येतात. विज्ञान घेतल्यास प्रात्यक्षिकांसाठी अभ्यासकेंद्रावर जावे लागेल. राज्य मंडळाच्या दहावीला खाजगीरीत्या बसायचे असल्यास सतरा नंबरचा फॉर्म असतो. त्याच्या अटी आणि मुदत मंडळाकडूनच विचारून घ्यावी, ओळखीच्या कुणाच्या सांगण्यावर राहू नये. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, ती आत्तापासूनच तिच्या हाती द्यावीत.

प्रश्न : माझी चार नातवंडे घरीच शिकतात. सून म्हणते, भावंडेच एकमेकांचे मित्र आहेत. मला ते पटत नाही. माझे चुकते का? — एक आजोबा, सांगली

उत्तर : आपले चुकत नाही. भावंडांशी भांडण झाले तरी रात्री त्याच ताटाला ताट लावून जेवावे लागते. मित्राशी भांडल्यावर मात्र समेट करायला स्वतःच्या पायांनी जावे लागते, आणि हे शिकायला घराबाहेरची मुले लागतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभे केले, तिथे बालनाट्याची तालीम शोधायला फार लांब जावे लागू नये. मात्र चौघांना एकाच ठिकाणी पाठवू नये. एकाला नाटकाला, एकाला पोहायला, एकाला तालमीत, असे वेगवेगळे पाठवावे. ने-आण करण्याची जबाबदारी आपण घेतलीत, तर सूनबाई फारसा विरोध करणार नाहीत.