रोमहून पॅरिसला परत यायचे कशाला?

आपला प्रश्न असा आहे: निवृत्तीनंतरच्या पहिल्या युरोप प्रवासासाठी मुंबई–पॅरिस–मुंबई अशी तिकिटे काढून रोमला स्वस्त विमानाने जाऊन यावे, की दोघांचे मिळून 16,000 रुपये जास्त मोजून पॅरिसला उतरणारे आणि रोमहून मुंबईला निघणारे मल्टी-सिटी तिकीट घ्यावे? माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे.

पॅरिस ते रोम हवाई अंतर सुमारे 1,100 किलोमीटर आणि उड्डाण साधारण दोन तासांचे आहे. रेल्वेने मिलानला गाडी बदलून अख्खा दिवस जातो, तेव्हा या टप्प्याला विमानच बरे. मात्र फ्युमिचिनो विमानतळ रोमच्या मध्यभागापासून तीसेक किलोमीटरवर आहे, आणि आपण पाठवलेल्या तिकिटावरचा बोव्हे विमानतळ नावाला पॅरिसचा असला तरी शहरापासून सुमारे 85 किलोमीटर दूर आहे. मुंबईचे विमान तर शार्ल द गोलहून सुटते. म्हणजे दोन तासांचे उड्डाण सामानासह सहा-सात तासांवर जाते.

आता पैशांकडे वळू. पॅरिसहून रोमला जाण्याचा खर्च दोन्ही पर्यायांत सारखाच असल्याने तो सोडून देतो. हिशेबासाठी युरो 100 रुपये धरला, तर आपण कळवलेल्या दरांनी परतीची दोन तिकिटे 7,000 आणि दोन बॅगा 6,000, असे 13,000 रुपये होतात. इथपर्यंत आपला पर्याय तीन हजारांनी स्वस्त दिसतो, आणि बहुतेक जण इथेच हिशेब थांबवतात.

पण रोम–पॅरिस आणि पॅरिस–मुंबई ही तिकिटे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. रोमचे विमान रखडले आणि मुंबईचे चुकले, तर मुंबईच्या विमान कंपनीवर काहीच बंधन राहत नाही. तीन तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला आणि दोष कंपनीचा असला, तर युरोपीय नियमांनुसार एवढ्या अंतरासाठी माणशी 250 युरो भरपाई मागता येते. वादळ आडवे आले तर तीही नाही. ऐनवेळी मुंबईची दोन नवी तिकिटे काढण्यापेक्षा आदल्या दिवशीच पॅरिसला येऊन राहावे लागेल, आणि आपण पाहिलेल्या हॉटेलचे 110 युरो धरले की 13,000 चे 24,000 होतात. बोव्हेची बस आणि टॅक्सी यात धरलेलीच नाही.

जादा 16,000 रुपये प्रवासातील आकस्मिक खर्चासाठी ठेवलेल्या 40,000 मधून घ्यावेत. त्यासाठी मुदत ठेव मोडू नये. मल्टी-सिटीचा फरक पुढे 25,000 च्या वर गेला तर मात्र मला पुन्हा कळवा. तिकीट काढताना रोमहून मुंबईपर्यंतचा सारा प्रवास, मधल्या थांब्यासह, एकाच पीएनआरवर असल्याची खात्री करून घ्यावी.