सर्वश्रेष्ठ डबल अल्बम (दोन तबकड्यांचा अल्बम) कोणता? आणि बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ एकाच तबकडीचा असायला हवा होता, हे म्हणणे कितपत खरे आहे?

आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण ते दिल्याखेरीज पहिल्याचे उत्तर देता येणार नाही. ‘व्हाइट अल्बम’ एका तबकडीचा असायला हवा होता, असे मला मुळीच वाटत नाही. मात्र हा आक्षेप केवळ हौशी श्रोत्यांचा नाही, हे आधी मान्य करायला हवे. खुद्द निर्माते जॉर्ज मार्टिन यांचेही मत असेच होते की तीस गाण्यांतून निवड करून एकच उत्तम तबकडी काढावी. १९६८च्या वसंतात हृषीकेशहून परतताना बीटल्सनी गाण्यांचा मोठा साठा बरोबर आणला होता. त्यातच लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन या तिघांच्या वाटा एकमेकांपासून दूर जाऊ लागल्या होत्या, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना रिंगो स्टार काही दिवस बँड सोडूनही गेले होते. अशा वेळी कोणाचे गाणे वगळायचे हे ठरवण्यापेक्षा सगळीच गाणी घेणे सोपे गेले असावे, अशी शंका कोणालाही येईल.

परंतु तबकडीच्या चार बाजू क्रमाने ऐकल्या की या शंकेचा जोर कमी होतो. हॅरिसन यांची चार गाणी आहेत आणि ती प्रत्येक बाजूस एक अशी ठेवलेली आहेत. तिसऱ्या बाजूच्या अखेरीस ‘हेल्टर स्केल्टर’चा कानठळ्या बसवणारा गोंगाट संपतो आणि लगेच ‘लाँग, लाँग, लाँग’ हे जेमतेम ऐकू येणारे गाणे सुरू होते. एका तबकडीसाठी निवड करायला बसलेल्या बहुतेकांच्या यादीतून हे दुसरे गाणे सहज गळेल. मात्र आधीच्या गाण्याचा खरा परिणाम ते ओसरल्यानंतरच्या या शांततेत जाणवतो. शिवाय गंमत अशी की, अशा याद्या करणाऱ्या दोन चाहत्यांचे वगळण्याच्या गाण्यांवर क्वचितच एकमत होते. ‘रेव्होल्यूशन ९’ हा आठ मिनिटांहून लांब ध्वनिपट काढून टाकावा एवढ्यावरच काय ते होते, आणि तेही सर्वांचे नाही.

डबल अल्बमची थोरवी ठरवताना ‘यात भरताड किती आहे’ हा नेहमीचा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचे संगीत नीट बसते. म्हणजे डबल अल्बम हा चार छोट्या मैफलींचा संच असतो आणि प्रत्येकीला स्वतःची सुरुवात आणि शेवट असतो. म्हणून ‘दुसऱ्या तबकडीची गरज कशामुळे पडली, आणि चार बाजूंचा उपयोग काय केला’ हा प्रश्न मला अधिक योग्य वाटतो. (जुन्या अनेक संचांत पहिली आणि चौथी बाजू एकाच तबकडीवर असे, कारण आपोआप तबकड्या बदलणाऱ्या यंत्रावर आधी पहिली-दुसरी आणि मग संपूर्ण चवड उलटून तिसरी-चौथी वाजवता येई. बाजू क्रमानेच ऐकल्या जाव्यात ही अपेक्षा यातूनही दिसते.)

या कसोटीवर पाहिले तर नावाजलेल्या अल्बमांची कारणे फारच वेगवेगळी निघतात. लेड झेपलिनच्या ‘फिझिकल ग्राफिटी’ला (१९७५) दुसरी तबकडी लागली, कारण आठ नवी गाणी एका तबकडीत मावत नव्हती. मग उरलेली जागा आधीच्या अल्बमांच्या वेळी बाजूला राहिलेल्या ध्वनिमुद्रणांनी भरली; ‘काश्मीर’सारखी रचना असूनही हा जोड मला जाणवत राहतो. प्रिन्स यांच्या ‘साइन ओ’ द टाइम्स’ची (१९८७) गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यांना तीन तबकड्या हव्या होत्या, कंपनीने नकार दिला, आणि काटछाट करून दोन राहिल्या. त्याची लांबी भरतीतून न येता वगळण्यातून आली आहे आणि ते ऐकताना कळते. क्लॅश या बँडने ‘लंडन कॉलिंग’ (१९७९) एका तबकडीच्या किमतीत विकायला लावला, ही चाहत्यांची आवडती कथा आहे आणि ती खरीही आहे, पण संगीताच्या श्रेष्ठतेशी तिचा संबंध थोडाच आहे. माइल्स डेव्हिस यांच्या ‘बिचेस ब्रू’ची (१९७०) लांबी तर वादाच्या पलीकडची आहे, कारण तिथे पहिल्या दोन रचनाच प्रत्येकी वीस मिनिटांहून लांब आहेत आणि त्या निर्माते टिओ मासेरो यांनी टेप कापून-जोडून घडवलेल्या आहेत.

स्टीव्ही वंडर यांचा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ (१९७६) हा माझा दुसरा क्रमांक. त्यात दोन तबकड्याही पुरल्या नाहीत, सोबत चार गाण्यांची एक छोटी तबकडी द्यावी लागली. त्यातली काही गाणी संपण्याची वेळ उलटून गेली तरी चालूच राहतात. तो दोष मानावा की आनंद, यावर माझे मत ऐकण्याच्या वेळेनुसार बदलत असते, आणि पहिला क्रमांक देताना एवढी अनिश्चितता चालत नाही.

पहिला क्रमांक मी रोलिंग स्टोन्सच्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ला (१९७२) देतो. ब्रिटनमधला करभार टाळण्यासाठी बँड फ्रान्सला गेला होता आणि कीथ रिचर्ड्स यांनी भाड्याने घेतलेल्या नेलकोट या समुद्रकाठच्या बंगल्याच्या तळघरात बरेचसे ध्वनिमुद्रण झाले. उरलेले काम लॉस एंजेलिसमध्ये पुरे केले गेले. आवाज गढूळ आहे, शब्द वाद्यांत बुडतात, आणि मिक जॅगर यांनी स्वतःदेखील अल्बमच्या ध्वनिमिश्रणाबद्दल नाराजी बोलून दाखवलेली आहे. सुटी गाणी घेतली तर ‘टंबलिंग डाइस’ आणि ‘हॅपी’ यांच्यापलीकडे लोकप्रिय म्हणावे असे फारसे काही नाही, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणारा बहुधा निराश होतो. परंतु पहिल्या बाजूची धावपळ, दुसऱ्या बाजूवरची चार सैलावलेली, कंट्री संगीताकडे झुकलेली गाणी, तिसऱ्या बाजूचा अंधार, त्यातून ‘लेट इट लूज’पर्यंत चढत गेलेली आर्तता आणि चौथ्या बाजूवर ‘शाइन अ लाइट’मधून येणारा गॉस्पेलचा, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीताचा, सूर, हा सगळा प्रवास एका तबकडीत बसवताच येत नाही. यातली नऊ उत्तम गाणी निवडली तर ब्लूज-रॉकचा एक चांगला अल्बम हाती येईल; थकवा, बेफिकिरी आणि प्रार्थना यांचे जे मिश्रण अठरा गाण्यांत हळूहळू मुरते, ते मात्र त्यात नसेल.

आपण तो सीडीवर किंवा फोनवर ऐकणार असाल, तर पाचव्या, नवव्या आणि चौदाव्या गाण्यानंतर थोडे थांबावे. मूळ तबकड्यांच्या बाजू तिथेच संपतात, आणि सलग ऐकताना एकसुरी वाटणारा हा अल्बम त्या थांब्यांमुळे पुष्कळ मोकळा होतो.